आसरा आणि कागद : निर्वासितांच्या प्रश्नाचा महाराष्ट्रातून आढावा

नाशिककरांच्या तोंडी शरणपूर रोडचे नाव दिवसातून दहादा येते. त्या नावाचा अर्थ मात्र क्वचितच कुणी मनात आणतो. शरण आलेल्यांचे पूर ते शरणपूर. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी तेव्हाच्या गावाबाहेर ही वसाहत वसवली. पुढच्या दशकांत तिथे फार दुरून आलेली मुले राहू लागली. ब्रिटिश नौदल पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांची गलबते अडवत असे आणि सुटका झालेल्यांपैकी काहींना मुंबईला आणून सोडत असे. त्यांतल्या मुलांना नाशिकला पाठवले जाई. शरणपूरच्या आश्रमात ती सुतारकी, लोहारकी आणि लिहिणे-वाचणे शिकत. इंग्रजी इतिहासग्रंथांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणतात.

त्यांच्यातला जेकब वेनराइट हा डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या मोहिमेत होता. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन वारले. त्यांचा देह शेकडो मैल वाहून किनाऱ्यावर आणणाऱ्यांत वेनराइट होता, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही होता. त्याच सुमारास प्राइस स्वतः मोम्बासाला गेले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने तिथे ‘फ्रिअरटाउन’ वसले आणि नाशिकमध्ये वाढलेले सुमारे दीडशे आफ्रिकी तिकडे नेण्यात आले. हे परतणे पूर्ण म्हणता येत नाही. खंड आपला होता, पण गाव आपले नव्हते. ज्या गावातून त्यांना लहानपणी पळवले होते, त्याचे नावसुद्धा अनेकांना आठवत नव्हते.

निर्वासितांच्या प्रश्नाला जग आज तीन ‘टिकाऊ’ उत्तरे मानते : मायदेशी परत जाणे, आसरा दिलेल्या देशात मिसळून जाणे किंवा तिसऱ्याच देशात वसणे. महाराष्ट्राच्या भूमीने ही तिन्ही पाहिली आहेत. चौथीही एक अवस्था इथे पाहायला मिळते. माणूस राहतो, कमावतो, मुले वाढवतो, पण तो नेमका कोण हे कागदावर ठरत नाही. सध्याच्या वादाचा मोठा भाग या चौथ्या अवस्थेभोवती फिरतो.

माणसे का निघतात

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांच्या मोजणीनुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसे सक्तीने घर सोडलेली होती. त्यांतली ७ कोटी ३५ लाख आपल्याच देशाच्या हद्दीत विस्थापित होती. सीमा ओलांडणाऱ्यांपैकी बहुतेक जण शेजारच्याच देशात थांबतात, आणि या साऱ्यांचा बहुतांश भार श्रीमंत नव्हे तर मध्यम व गरीब देश उचलतात. निर्वासितांचे लोंढे युरोप-अमेरिकेच्या दिशेने धावतात हे चित्र दूरचित्रवाणीने ठसवले असले, तरी आकडे तसे सांगत नाहीत.

निघण्याची कारणे एकेरी नसतात, हे सिंधचे उदाहरण चांगले दाखवते. फाळणीत पंजाब आणि बंगाल यांचे तुकडे झाले. सिंध अखंड पाकिस्तानात गेला. तिथल्या लोकसंख्येत हिंदूंचा वाटा सुमारे एक चतुर्थांश होता आणि ऑगस्ट १९४७ मध्ये त्यांतल्या बहुसंख्यांनी सामान बांधले नव्हते. पंजाबसारखी सरसकट कत्तल तिथे झाली नाही. पण भारतातून गेलेल्या मुहाजिरांची गर्दी वाढली, घरे-दुकाने बळकावली जाऊ लागली, डिसेंबरात सिंधमधल्या हैदराबादेत दंगल झाली आणि ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत. त्यानंतर आगबोटी भरभरून माणसे मुंबई आणि काठेवाडच्या बंदरांत उतरली. कराचीतल्या मराठी कुटुंबांनाही हाच रस्ता धरावा लागला. हिंसा, हिंसेची धास्ती, मालमत्तेची असुरक्षितता आणि सगेसोयरे निघाल्यावर मागे उरण्याचे भय हे सगळे धागे एकत्र पिळले गेले होते.

१९५१ च्या जिनिव्हा करारात निर्वासिताची व्याख्या मात्र बरीच अरुंद आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने छळाची साधार भीती असलेला आणि आपल्या देशाबाहेर असलेला माणूस, एवढीच ती. नुसता दुष्काळ, पूर किंवा उपासमार यांनी हुसकलेला माणूस तिच्यात बसत नाही. ही व्याख्या रुंद करावी की नाही, हा अभ्यासकांमधला जुना वाद आहे. रुंद केली तर हवामानबदलाने उखडलेल्यांना संरक्षण मिळेल, असे एक बाजू मानते. दुसरी बाजू म्हणते की, तसे केले तर आज ज्यांना संरक्षण आहे त्यांचेही पातळ होईल. कराराचा मसुदा आज नव्याने चर्चेला घेतला तर तो आहे त्याहून कडकच होईल, ही त्या दुसऱ्या बाजूची भीती निराधार नाही.

बराकींचा काळ

दुसऱ्या महायुद्धाने महाराष्ट्रात लष्करी छावण्या उभ्या केल्या आणि पुढे त्याच निर्वासितांच्या कामी आल्या. पण महाराष्ट्रातली अशी मोठी पहिली वसाहत परकीयांची होती. सोव्हिएत रशियाने १९४० च्या आसपास पोलंडच्या लाखो नागरिकांना सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केले. १९४१ मध्ये त्यांची सुटका झाली, ते इराणात उतरले आणि तिथून काही हजार भारतात आले. मुलांची एक छावणी जामनगरजवळ बालाचडीला होती. सर्वांत मोठी वसाहत १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला उभी राहिली. सुमारे पाच हजार पोलिश, त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले, पाच वर्षे तिथे राहिली. त्यांचे चर्च होते, शाळा होत्या, बालवीरांची पथके होती. खर्चाची सोय लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारमार्फत होती. युद्ध संपल्यावर पोलंड कम्युनिस्टांच्या छायेत गेला, त्यामुळे अनेकांनी मायदेशाऐवजी ब्रिटन आणि इतर देशांची वाट धरली. वॉर्सात आज कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले.

पोलिशांनी रिकाम्या केलेल्या त्याच जागेत सिंधी कुटुंबे आली. ते आजचे गांधीनगर. दक्षिण महाराष्ट्रातले दुकानदार कापडाच्या घाऊक खरेदीला जिथे जातात तेच हे गाव.

नाशिकजवळची देवळाली ही त्या नकाशावरची दुसरी खूण. एकोणिसाव्या शतकापासून तिथे लष्कराचा तळ होता. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी कुटुंबांना उतरवण्यात आले. मुंबई शहरावर आधीच माणसांचा ताण होता, म्हणून त्या वेळच्या प्रांतिक सरकारने बंदरावर उतरलेल्यांना बाहेर कल्याण, देवळाली, पिंपरी अशा ठिकाणी पाठवले. एका लांबलचक बराकीत गोणपाटाचे पडदे लावून अनेक कुटुंबे राहत. सर्वांत मोठी छावणी कल्याणची होती. तिथे एक लाखाच्या आसपास माणसे होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी तिच्या जागी नव्या नगराची कोनशिला बसवली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तिथले पत्ते आजही ‘कॅम्प नंबर’ने सांगितले जातात.

या पुनर्वसनाला सरसकट यशोगाथा म्हणण्याची रीत आहे, आणि ते बरेचसे खरे आहे. सिंधी निर्वासितांनी खैरातीला नकार देत ‘शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी’ असे म्हणवून घेतले. पापड-लोणच्यांपासून कापड आणि छोट्या कारखान्यांपर्यंत त्यांनी व्यवसाय उभे केले. पण हे यश केवळ जिद्दीवर तोललेले नव्हते, याकडे अभ्यासक लक्ष वेधतात. हे लोक आले ते नागरिक म्हणून. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने पाकिस्तानातून आलेल्यांच्या नागरिकत्वाची सोय केली होती. १९५४ च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेच्या दाव्यांवर भरपाई मिळाली. केंद्रात पुनर्वसनाचे स्वतंत्र मंत्रालय होते. म्हणजे कष्टाच्या जोडीला मताचा हक्क, कर्ज, शाळा आणि कागद होता. पुढच्या काळात आलेल्या कोणत्याही गटाला हे सगळे एकदम मिळाले नाही.

तरीही कागदाचे काम अपुरेच राहिले. बराकींच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींचे हक्क, सनदा आणि परवाने यांचा गुंता इतका वाढला की उल्हासनगरातली अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ मध्ये राज्याला वेगळा कायदा करावा लागला. राज्यातल्या इतर सिंधी वसाहतींमधल्या जमिनींसाठी विशेष अभय योजनेला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती २०२५ मध्ये. आगबोटीतून उतरलेल्यांची नातवंडे तोवर म्हातारपणाकडे झुकली होती.

जंगलाच्या कडेला

पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांची कथा वेगळी आहे. पंजाब-सिंधचे स्थलांतर एका झटक्यात झाले; बंगालचे वर्षानुवर्षे झिरपत राहिले. पश्चिम बंगालवरचा भार हलका करण्यासाठी केंद्राने १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू केला. ओडिशा आणि बस्तरच्या जंगलपट्ट्यात बंगाली शेतकरी वसवण्याची ही योजना होती. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातही अशा वसाहती झाल्या. आज गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत बंगाली गावे आहेत. भाताची शेती, मासळीचे तलाव आणि दुर्गापूजा हे तिथले रोजचे जग आहे.

भरल्या नद्यांच्या मुलखातल्या माणसांना कोरड्या माळावर आणि सालवृक्षांच्या जंगलात नेऊन बसवण्यावर तेव्हापासून टीका होत आली. दंडकारण्यातले हजारो जण १९७८ मध्ये सुंदरबनातल्या मरीचझांपी बेटाकडे निघून गेले आणि १९७९ मध्ये पोलिस कारवाईने ती वस्ती उठवली गेली. योजनेचे समर्थक म्हणतात की, दुसरीकडे मोकळी जमीन नव्हती आणि जे टिकले त्यांनी शेती उभी केली. या दोन बाजूंच्या मध्ये एक तिसरा पक्ष कायम दुर्लक्षित राहिला. तो म्हणजे ज्यांच्या जंगलात हे सगळे घडले ते आदिवासी. निर्वासिताला जमीन देताना ती कुणाच्या वहिवाटीतून येते, हा प्रश्न त्या काळच्या नियोजनात जवळजवळ दिसत नाही. आजच्या आढाव्यात तो ठळकपणे मांडायला हवा.

या वसाहतींची एक अडचण खास कागदी आहे. यांतले अनेक जण नमःशूद्र समाजाचे. पश्चिम बंगालमध्ये हा समाज अनुसूचित जातींच्या यादीत आहे. महाराष्ट्रात तसा दर्जा मिळावा ही मागणी पिढ्या उलटल्या तरी उभीच आहे. सरकारने ज्यांना स्वतः आणून वसवले, त्यांच्या मुलांना जातीच्या दाखल्यासाठी खेटे घालावे लागतात.

१९७१ मध्ये पूर्व बंगालातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. त्या नोव्हेंबरात देशभर बहुतेक टपालावर पाच पैशांचे निर्वासित साहाय्य तिकीट लावणे सक्तीचे झाले आणि नाशिक-नगरच्या खेड्यांतून पाठवलेल्या पत्रांनीही त्या खर्चाचा वाटा उचलला. युद्ध संपताच बहुसंख्य लोक काही महिन्यांत परत गेले. परत जाण्याचा उपाय इतक्या वेगाने साधल्याची उदाहरणे इतिहासात थोडीच आहेत, आणि त्यासाठी लढाई व्हावी लागली.

तिबेटी : पाहुणे की रहिवासी

३१ मार्च १९५९ रोजी दलाई लामा भारताच्या हद्दीत आले. त्यांच्यामागून आलेल्यांसाठी वेगवेगळ्या राज्यांनी जमिनी दिल्या. महाराष्ट्रातली वसाहत १९७२ मध्ये तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात झाली. ही नोर्ग्येलिंग वसाहत आता गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ आहे. थंड पठारावरच्या माणसांना विदर्भाचा उन्हाळा सोसावा लागला. शेती बेताची, म्हणून हिवाळ्यात स्वेटर विकणे हा तिबेटी कुटुंबांचा मुख्य आधार बनला. नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या तिबेटी बाजाराचा उगम याच अर्थकारणात आहे.

जमीन मिळाली, शाळा मिळाल्या, पण दर्जा ‘परकीय’ हाच राहिला. तिबेटी माणसाच्या खिशात नोंदणी प्रमाणपत्र असते. बोलीत त्याला ‘आरसी’ म्हणतात. ठरावीक मुदतीने ते नव्याने करून घ्यावे लागते. १९५० ते जून १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी कायद्याने जन्मजात नागरिक ठरतात, असे २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मान्य केले. २०१४ च्या पुनर्वसन धोरणाने वसाहतींच्या जमिनींचे भाडेपट्टे आणि सरकारी योजनांचा लाभ यांची वाट दाखवली. तरीही नागरिकत्व घ्यावे की नाही, यावर खुद्द तिबेटी समाजात मतभेद आहेत. काहींच्या मते भारतीय पारपत्र घेणे म्हणजे तिबेटवरचा दावा सैल करणे. तरुणांना मात्र नोकरी, घर आणि परदेशी शिक्षण समोर दिसते. हा पेच बाहेरच्याने सोडवण्यासारखा नाही.

कायद्याची रिकामी जागा

भारताने १९५१ चा करार आणि १९६७ चा पूरक करार या दोन्हींवर सही केलेली नाही. त्यामागची कारणे समजून घेण्याजोगी आहेत. तो करार मुळात युरोपातल्या निर्वासितांसाठी होता आणि फाळणीने आलेल्यांना, ते नागरिकच असल्यामुळे, त्याचा उपयोग नव्हता. दक्षिण आशियातल्या सीमा सच्छिद्र. शेजाऱ्यांशी संबंध नाजूक. कुणाला निर्वासित ठरवणे म्हणजे शेजारी देश छळ करतो असे जाहीर करणे, आणि त्याची किंमत दिल्लीला मोजावी लागते.

त्यामुळे निर्वासित, पर्यटक, व्हिसा संपलेला विद्यार्थी आणि चोरट्या वाटेने आलेला मजूर हे सगळे १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात एकाच खणात होते. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा कायदा लागू झाला. त्याच्या कलमांतही निर्वासिताची वेगळी व्याख्या नाही. न्यायालयांनी ही जागा काही प्रमाणात भरली. १९९६ च्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जीविताचा हक्क नागरिक नसलेल्यांनाही आहे, असे सांगून राज्याला त्यांच्या संरक्षणाची जबाबदारी दिली. मात्र एप्रिल २०२१ मध्ये म्यानमारच्या रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की, देशाबाहेर न घालवले जाण्याचा हक्क हा वास्तव्याच्या हक्काशी जोडलेला आहे आणि तो फक्त नागरिकांचा आहे. दोन्ही निकाल आज उभे आहेत.

या रिकाम्या जागेबद्दल तीन भूमिका दिसतात. पहिली, निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा हवा. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात नमुना कायद्याचा मसुदा झाला. खासदार शशी थरूर यांनी खासगी विधेयके मांडली. अर्ज, सुनावणी, अपील आणि ठरावीक मुदतीत निर्णय अशी पद्धत असेल तर खरा निर्वासित आणि इतर यांत फरक करता येईल, असे या बाजूचे म्हणणे. दुसरी भूमिका प्रशासन आणि सुरक्षा क्षेत्रातून येते. लवचीकता हेच भारताचे बळ आहे. कायदा केला तर हात बांधले जातील आणि न्यायालयांत दाव्यांचा ढीग होईल. तिबेटी, श्रीलंकेचे तमिळ, १९७१ चे बंगाली यांना कायदा नसतानाच आसरा मिळाला, याकडे ती बोट दाखवते.

तिसरी भूमिका २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात मूर्त झाली आहे. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना नागरिकत्वाची वाट यात आहे. मार्च २०२४ मध्ये त्याचे नियम निघाले. फाळणीचे अपुरे राहिलेले कर्तव्य, असे समर्थक याला म्हणतात. नागपूरच्या जरीपटक्यात दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षे काढलेल्या पाकिस्तानी हिंदू कुटुंबांच्या दृष्टीने हा प्रश्न तात्त्विक नाही. बँकेचे खाते आणि मुलांची नोकरी त्यावर अडलेली असते. विरोधकांचा आक्षेप निकष धर्म असण्यावर आहे. अहमदिया, हजारा, श्रीलंकेचे तमिळ आणि म्यानमारचे रोहिंग्या यांचा छळ या चौकटीत बसत नाही, आणि समानतेच्या अनुच्छेदाशी तिचा मेळ बसतो का, हे न्यायालयाने ठरवावे असे ते म्हणतात.

फरक कोण करणार

महाराष्ट्रात सध्या सर्वाधिक ऐकू येणारा शब्द ‘घुसखोर’ हा आहे. नाशिक जिल्ह्यात मालेगावात उशिरा केलेल्या जन्मनोंदींच्या दाखल्यांवरून जानेवारी २०२५ मध्ये विशेष तपास पथक नेमले गेले आणि राज्यात असे दाखले देण्याचे काम काही काळ थांबले. बनावट कागद बनत असतील तर ते शोधणे राज्याचे कामच आहे. पण उशिराची नोंद ही गरीब नागरिकांचीही गरज असते. घरी बाळंतपण झालेला यंत्रमाग कामगार, ऊसतोडीला हिंडणारे कुटुंब, पाड्यावरचा आदिवासी यांच्यापैकी किती जणांनी मुलाचा जन्म वेळेत नोंदवलेला असतो? जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडून बांगलादेशच्या हद्दीत ढकललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना ते भारतीयच आहेत हे सिद्ध झाल्यावर परत आणावे लागले. छाननीची ठरलेली, अपील असलेली पद्धत नसली की चूक दोन्ही बाजूंना होते. बनावट कागदवाला सुटतो आणि कागद नसलेला खरा माणूस अडकतो. स्वतंत्र कायद्याच्या समर्थकांचा सर्वांत वजनदार मुद्दा इथे आहे, आणि सुरक्षेची काळजी वाहणाऱ्यांनाही तो विचारात घेण्यासारखा आहे.

बाहेरच्या जगाकडे पाहून तयार उत्तर मिळत नाही. युरोपीय संघाने २०१६ मध्ये तुर्कस्तानशी करार करून लोंढा सीमेबाहेर थोपवला. २०२४ मध्ये आश्रयाचे नवे सामाईक नियम केले. आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवण्याची ब्रिटनची योजना सरकार बदलताच रद्द झाली. युगांडाने निर्वासितांना कामाचा हक्क आणि कसायला जमिनीचा तुकडा दिला म्हणून त्याचे कौतुक झाले, पण आंतरराष्ट्रीय मदत आटली की तिथल्या वसाहतींतला शिधा कमी होतो. करारावर सही केलेले देश दारे लावतात आणि सही न केलेला भारत दशकानुदशके माणसे सांभाळतो. सहीने सगळे साधत नाही हे यावरून दिसते. सहीवाचून चालते असे मात्र त्यातून निघत नाही.

काही प्रश्न अजून कुणी नीट हातात घेतलेले नाहीत. छावणीत एकत्र ठेवावे की विखरून वसवावे, यावर महाराष्ट्रातच दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत, पण उल्हासनगर, गांधीनगर, मुलचेरा आणि नोर्ग्येलिंग यांचा शेजारी ठेवून केलेला अभ्यास मराठीत दिसत नाही. जमीन कोण देणार, केंद्र की राज्य, याची विभागणी दर वेळी नव्याने होते. २०१६ मध्ये केंद्राने नागपूर, पुणे, ठाणे अशा काही ठिकाणच्या जिल्हाधिकाऱ्यांना शेजारी देशांतल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार सोपवले; इतरत्र वाट लांबची राहिली. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे काय, हा त्याहून अवघड विषय आहे. डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्व आई-वडिलांच्या दर्जावर ठरते, आणि दोघांतला एक जरी कायद्याच्या लेखी अवैध असला तरी इथे जन्मूनही ते मूल परके ठरते. गोठणगावजवळच्या वसाहतीत आज जन्मणाऱ्या तिबेटी मुलाच्या आई-वडिलांनी नागरिकत्व घेतले नसेल, तर त्या मुलालाही आरसी लागेल आणि दर वेळी ती मुदतीआधी नव्याने करून घ्यावी लागेल.